तलावाचे पाणी : आधी बांधीला, मग नावेला

आश्विन सरत आला म्हणजे गोंदिया जिल्ह्यातील धानकऱ्याची नजर आकाशावरून उतरून तलावाकडे वळते. पावसाने पाठ फिरविलेली असते. हलका धान कापणीस आलेला असतो. परंतु भारी धान अद्याप पोटरीत असतो, किंवा नुकताच निसवू लागलेला असतो. बांधीतील ओल दिवसेंदिवस उतरत जाते. अशा वेळी पिकास एक पाणी मिळाले तर लोंबी भरते. न मिळाले तर शेतकऱ्याच्या पदरी पोचट दाण्यांचा भारा येतो. जून महिन्यात पऱ्हे टाकल्यापासून केलेला सारा खर्च आणि सारे कष्ट या एका पाण्यावर येऊन ठेपतात.

नेमक्या याच दिवसांत तलावाकडे दुसरीही एक नजर वळते. पावसाळा संपून हवा निवळलेली असते, डोंगर हिरवे असतात, तलाव काठोकाठ भरलेले असतात आणि दिवाळीची सुटी तोंडावर आलेली असते. शहरातील माणूस चार दिवस मोकळ्या हवेत घालवावयास बाहेर पडतो. त्याला भरलेला तलाव हवा असतो. नावेत बसावे, काठावर पक्षी पाहावेत, मुलांना डोंगर दाखवावा, एवढीच त्याची अपेक्षा असते आणि तीत गैर काहीच नाही.

पाणी एकच आणि त्याकडे पाहणारे दोन. यांत आधी मान कोणाचा, हा प्रश्न आज तितका तीव्र भासत नसला तरी डोंगरातील तलावांच्या काठी पर्यटनाची सोय जसजशी वाढत जाईल तसतसा तो तीव्र होत जाणार आहे. तंटा उभा राहिल्यावर तोड शोधीत बसण्यापेक्षा नियम आधी ठरवून ठेवणे शहाणपणाचे होय.

तलाव कोणी आणि कशासाठी बांधले

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु तलावांचा वारसा या दोन्ही जिल्ह्यांचा सामाईक आहे. गोंड राजवटीत कोहळी समाजाच्या कर्तबगार मंडळींनी डोंगरांच्या कुशी हेरून मातीच्या पाळी घातल्या आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत हजारो तलाव उभे केले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हा त्यांतील सर्वांत नामांकित. तो अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरा सांगते. सभोवारच्या सात शिखरांना लोक सात बहिणी म्हणतात आणि तलाव बांधणाऱ्या पुरुषाला कोलासूर या नावाने देवपण मिळालेले आहे. ज्याने पाणी अडविले त्याला लोकांनी देव मानले, यावरून पाण्याचे मोल या भागाने किती पूर्वी जाणले होते हे ध्यानात येते.

या जुन्या तलावांची रचना पाहिली म्हणजे त्यांचा हेतू आपोआप स्पष्ट होतो. पाणी सोडण्यासाठी तुडुम, जादा पाणी निघून जाण्यासाठी सलंग, पुढे पाट आणि पाटाखाली बांध्या. पाणी वाटण्याचे काम पाणकराकडे असे. कोणाच्या बांधीत किती वेळ पाणी जावयाचे हे तो पाही, आणि त्याच्या श्रमाचा मोबदला गाव धान्याच्या रूपाने देई. तलाव हा गावाच्या शेतीचाच एक अवयव होता.

मालगुजारी १९५०-५१ च्या सुमारास कायद्याने संपुष्टात आली आणि हे तलाव सरकारकडे आले. आज त्यांना माजी मालगुजारी तलाव अथवा थोडक्यात मामा तलाव म्हणतात. पुढे १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे लहान तलाव त्यांच्याकडे सोपविण्यात आले. मालक बदलला, व्यवस्था बदलली, पाणकराची जागा कागदाने घेतली. परंतु तलावाचा मूळ हेतू काही बदलला नाही.

तिरोडा तालुक्यातील बोदलकसा आणि चोरखमारा हे तलाव मात्र मालगुजारांचे नव्हेत. ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत सरकारने बांधविले. बोदलकसा १९१७ सालचा व चोरखमारा १९२३ सालचा. वनराईने वेढलेल्या टेकड्यांमध्ये मातीचे धरण घालून पाणी साठवावयाचे आणि खालच्या सपाटीवरील धानास ते द्यावयाचे, ही त्यांमागील योजना. या भागात वर्षाकाठी सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो धानास एकूण मानाने अपुरा नाही. पण तो हवा तेव्हाच पडेल याची शाश्वती नाही. रोवणीच्या वेळी ओढ देणे आणि निसवण्याच्या वेळी निघून जाणे, हा त्याचा जुना खोड्याळपणा आहे. या खोडीवर उतारा म्हणूनच हे तलाव बांधले गेले. रोवणी साधावी आणि लोंबी भरावी, या दोन कामांसाठी त्यांचा जन्म झाला.

पर्यटनाची बाजू

असे असले तरी पर्यटनाकडे केवळ संशयाने पाहणे न्यायाचे होणार नाही. बोदलकसा येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान तलावाच्या काठी आहे. नागझिरा अभयारण्य १९७० साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले. २०१३ साली या सर्व वनक्षेत्रास व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला. तेव्हापासून बाहेरून येणाऱ्यांचा ओघ वाढणे स्वाभाविकच होते. हिवाळ्यात परदेशांतून येणारी बदके व इतर पाणपक्षी या तलावांवर उतरतात. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला सारस पक्षी आजही मुख्यत्वे गोंदिया जिल्ह्यातच आढळतो. त्याला पाहण्यासाठी गोंदिया तालुक्यातील परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांवर अभ्यासक मुद्दाम येतात.

या पाहुण्यांमुळे गावातील तरुणास वाटाड्याचे काम मिळते, बचत गटातील भगिनींना जेवण पुरविण्याचे काम मिळते, ढिवर बांधवास नाव वल्हविण्याची मजुरी मिळते. धानाचे एक पीक निघाल्यावर सहा महिने रिकाम्या हाताने बसणाऱ्या किंवा गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबास ही मिळकत नाकारण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शिवाय शेती आणि विहार यांचे हाडवैर आहे असेही नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील भंडारदऱ्याचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. प्रवरा नदीवरील हे डोंगरी धरण १९२६ साली पूर्ण झाले. ते बांधले गेले ते खालच्या शेतीसाठी, आणि आजही त्याचे पाणी कालव्यांवाटे शेतात जाते. तरीही शेकडो मैलांवरून लोक तेथे सहलीस जातात. तेथील छत्रीच्या आकाराचा जो धबधबा प्रसिद्ध आहे तो धरणातून पाणी सोडले म्हणजेच दिसतो. म्हणजे पाहुण्याचे डोळे निवविणारे पाणी खाली वाहत जाणारेच असते. नागपूरजवळ रामटेकचा खिंडसी तलावही असाच. तोही सिंचनासाठी बांधला गेला आणि त्यावर नौकाविहारही चालतो. एकाच पाण्यातून दोन्ही कामे होऊ शकतात, मात्र त्यांचा क्रम ठरलेला असला पाहिजे.

अडचण कोठे उत्पन्न होते

विहाराचे दोन प्रकार ध्यानात घेतले म्हणजे अडचण कोठे आहे हे नीट समजते. काठावर बसणे, डोंगर चढणे, पक्षी पाहणे, रानवाटांनी हिंडणे, या आनंदास पाण्याची ठराविक पातळी लागत नाही. उलट, पाणी हळूहळू उतरत गेले म्हणजे काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यात किडे-शिंपले टिपणाऱ्या पक्ष्यांना चारा मिळतो. हा विहार उतरत्या पाण्यावरही सुखाने चालतो.

दुसरा प्रकार मात्र पाणी अडवून धरू पाहतो. काठावर पक्का धक्का बांधला, त्याला नावा बांधल्या, धक्क्यावरून पायऱ्या उतरविल्या, त्याशेजारी उपाहारगृह उभे केले, की मग पाणी धक्क्याला टेकलेलेच असावे असे वाटू लागते. पाणी उतरले की नाव चिखलात रुतते, पाहुणा नाराज होतो आणि ठेकेदाराचे नुकसान होते. मग 'यंदा थोडे पाणी राखून ठेवावे' अशी सूचना पुढे येते. सूचना लहान असते, सौम्य शब्दांत असते आणि तीत कोणाचा दुष्ट हेतूही नसतो. परंतु पाण्याच्या हिशेबात 'थोडे' या शब्दाला अर्थ नसतो. तेथे आकडा मांडावा लागतो.

तो मांडून पाहू जाता काय दिसते? समजा, एखाद्या तलावाच्या पाण्याचा पृष्ठभाग १०० हेक्टर आहे आणि नावांसाठी केवळ ३० सेंटीमीटर, म्हणजे एका फुटाइतके पाणी, राखून ठेवावयाचे ठरले. हे पाणी ३ लाख घनमीटर होते. धानाच्या एका हेक्टरास ५ सेंटीमीटरची एक पाळी द्यावयाची तर ५०० घनमीटर पाणी लागते. मातीच्या पाटातून जाताना निम्मे पाणी मुरून अथवा फुटून गेले असे धरले, तरी राखून ठेवलेल्या त्या एका फुटात ३०० हेक्टर धानाचे शेवटचे पाणी सामावलेले असते. एकेका कुटुंबाकडे एक हेक्टर जमीन धरली तर ती ३०० कुटुंबे झाली. पाणी न मिळाल्यामुळे हेक्टरी पाचच क्विंटल घट आली असे मानले, तरी दीड हजार क्विंटल धान गेला. धक्क्याशी उभ्या राहिलेल्या माणसास एक फूट पाणी हाताच्या वीतभर अंतरासारखे वाटते. पाटाच्या शेवटच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसास ते वर्षाचे अन्न असते.

शेवटच्या टोकाचा उल्लेख येथे हेतुपुरस्सर केला आहे. पाणी कमी पडते तेव्हा ते सर्वांना सारखे कमी पडत नाही. पाटाच्या तोंडाशी असलेल्या बांध्या भरतात आणि शेपटाकडील कोरड्या राहतात. तेव्हा तलावात राखलेल्या फुटाची किंमत पाहुणा देत नाही, ठेकेदार देत नाही आणि मुखाशी असलेला बागायतदारही देत नाही. ती देतो सर्वांत शेवटचा, बहुधा सर्वांत लहान शेतकरी. त्याचा आवाज तलावाच्या काठापर्यंत क्वचितच पोचतो.

पाणी राखल्याने ते पूर्णपणे राहते असेही नाही. या भागातील तलाव पसरट आहेत. पातळी उंच ठेवली की पृष्ठभागही मोठा राहतो, आणि बाष्पीभवन पृष्ठभागाच्या प्रमाणात होते. वैशाख-ज्येष्ठात विदर्भातील उघड्या जलाशयावरून दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास पाणी उडून जाते. कार्तिकात धानाला नाकारलेल्या पाण्याचा बराचसा भाग वैशाखात सूर्य घेऊन जातो. असे पाणी ना बांधीचे, ना नावेचे.

उचलून आणलेल्या पाण्याची किंमत

हा प्रश्न केवळ डोंगराच्या पायथ्याच्या गावांचा आहे असे वैनगंगेच्या खोऱ्यातील दवनीवाडा परिसराने मानू नये. तिरोडा तालुक्यात कवलेवाडा येथे वैनगंगेवर बंधारा घालून धापेवाडा उपसा सिंचन योजना उभी राहिली आहे. नदीचे पाणी पंपांनी उचलून उंचावरील शेतीस द्यावयाचे, आणि पुढील टप्प्यात ते बोदलकसा, चोरखमारा, खळबंदा यांसारख्या जुन्या तलावांत सोडून त्यांचे लाभक्षेत्र सुरक्षित करावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. पाऊस अपुरा पडला तरी तलाव रिकामा राहू नये, हा विचार उत्तमच आहे.

परंतु या योजनेने पाण्याचे अर्थशास्त्र पालटते. डोंगरावर पडून उताराने आलेल्या पाण्यास चढविण्याचा खर्च नसतो. नदीतून उचललेल्या पाण्याच्या प्रत्येक घनमीटरामागे विजेचे देयक असते, पंपांची झीज असते, नळमार्गाची निगा असते. हा भार सार्वजनिक पैशातून आणि शेतकऱ्यांच्या पाणीपट्टीतून उचलावयाचा असतो. अन्न पिकविण्यासाठी तो उचलणे समर्थनीय आहे. मात्र असे पाणी केवळ धक्क्याची शोभा राखण्यासाठी तलावात थोपवून ठेवणे म्हणजे धान पेरणाऱ्याच्या खर्चाने सहल काढणे होय. नदीकाठच्या गावांनी ही गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. कारण वर चढविलेले पाणी हे त्यांच्याच नदीचे पाणी असते.

राज्याच्या धोरणाचा कौलही याच बाजूचा आहे. २००३ सालच्या राज्य जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांस दुसरे व शेतीस तिसरे स्थान दिलेले होते. त्यावर बरीच टीका झाली आणि २०११ साली हा क्रम बदलून पिण्याच्या पाण्याखालोखाल शेतीस स्थान देण्यात आले. जेथे कारखान्यांचा क्रमही शेतीमागे लावला गेला, तेथे करमणुकीने शेतीच्या पुढे बसावे असे कोणी म्हणू शकणार नाही. पण धोरण कागदावर असते आणि तुडुमाची कळ माणसाच्या हातात असते. म्हणून स्थानिक नियमांची आवश्यकता आहे.

शेतकऱ्यांनीही आपले आचरण तपासावे

हक्क सांगणाऱ्याने आपला व्यवहार स्वच्छ ठेवावयास हवा. तलावाचे पाणी शेतीचे, हे म्हणणे जितके खरे तितकेच हेही खरे की शेतीत जाणारे सर्व पाणी पिकाच्या मुळाशी पोचत नाही. रात्रीच्या वेळी पाट फोडून बांधी तुडुंब भरणे, वरच्या बांधीतून खालच्या बांधीत आणि तेथून नाल्यात पाणी वाहू देणे, धुऱ्यांची डागडुजी न करणे, या गोष्टी सर्रास घडतात. भरलेल्या बांधीत आणखी पाणी सोडल्याने दाणा अधिक भरत नाही. पोटरीपासून लोंबी दुधात येईपर्यंत बांधीत पाण्याचा पातळ थर राहणे पुरेसे असते, आणि कापणीच्या आठ-दहा दिवस आधी तोही काढून टाकावा लागतो. वाया घालविलेल्या प्रत्येक पाळीबरोबर शेतकऱ्याचा युक्तिवाद दुबळा होतो.

उन्हाळी धानाचा प्रश्नही मोकळेपणाने बोलला पाहिजे. खरिपास आधार देण्यासाठी बांधलेल्या तलावातून उन्हाळ्यात धानासारखे तहानलेले पीक मोठ्या क्षेत्रावर घेतले, तर तलाव तळाला जातो. पर्यटकासाठी पाणी राखू नये असे म्हणणाऱ्याने थोड्या क्षेत्रासाठी सर्वांचे पाणी संपवू नये. जेथे तलावात जेमतेम पाणी उरले असेल तेथे हरभरा, लाखोळी, जवस यांसारखी ओलीवर येणारी पिके घ्यावीत, हेच हिताचे.

तलावाचा तळ उघडा पाडण्याचा अधिकार कोणासही नाही. उन्हाळ्यात गुरांना पाणी लागते, गावाच्या विहिरींना तलावाच्या पाझराचा आधार असतो, ढिवर बांधवांच्या मत्स्य सहकारी संस्थांचे बीज त्यात वाढत असते आणि रानातील श्वापदेही रात्री तेथे येतात. म्हणून एक किमान साठा सर्वांनी मिळून सोडला पाहिजे. हा साठा मूक प्राण्यांचा आणि पुढील वर्षाचा आहे. त्या किमान पाण्यावर नाव चालत असेल तर ती सुखाने चालावी. पण त्याची पातळी ठरविताना नावेची सोय हे प्रमाण धरू नये.

दोघांचा खरा शत्रू

पाण्यासाठी शेतकरी आणि पाहुणा एकमेकांकडे संशयाने पाहत असता, दोघांचाही खरा शत्रू पाण्याखाली शांतपणे साचत असतो. तो म्हणजे गाळ. शंभर वर्षांच्या आणि तीनशे वर्षांच्या तलावांत किती गाळ उतरला असेल याची कल्पना कोणासही करता येईल. गाळाने व्यापलेली जागा ही पाण्याची जागा होती. काठाने वाढणारी बेशरम ही दुसरी आपत्ती. ती पाण्याची उथळ कड गिळून टाकते, माशांची अंडी घालण्याची जागा आणि पक्ष्यांचा चारा नाहीसा करते. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजातील भगिनींनी तलावांतून बेशरम उपटून मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. ज्यांच्याकडे ना जमीन ना सत्ता, त्यांनी तलावाची सेवा करून दाखविली, ही गोष्ट इतरांनी शिकण्यासारखी आहे.

राज्यात २०१७ साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना सुरू झाली. तलावातील सुपीक गाळ शेतात नेऊन टाकल्यास हलक्या जमिनीचा कस वाढतो आणि तलावाची पोकळी मोकळी होते. नावेसाठी एक फूट पाणी राखण्यापेक्षा तलावाच्या पोटातून एक फूट गाळ काढणे दोघांच्याही फायद्याचे आहे. पहिल्या उपायात एकाचे काढून दुसऱ्यास द्यावे लागते; दुसऱ्यात दोघांसाठी पाणी वाढते. तसेच, ज्या डोंगरावरून पाणी येते तेथील झाडी तोडून निवासस्थाने व रस्ते केले, तर माती सुटून तलावातच येणार. डोंगर पाहावयास येणाऱ्यासाठी डोंगर खरवडणे यासारखा दुसरा अविचार नाही.

काय करावयास पाहिजे

या सर्व विचारांती काही साध्या व्यवस्था सुचतात. त्यांसाठी नवा कायदा लागत नाही आणि फार पैसाही लागत नाही.

पहिली व्यवस्था पाण्याच्या जाहीर हिशेबाची. १५ ऑक्टोबर रोजी तलावात किती साठा आहे, त्यातून पिण्यासाठी किती, भारी धानाच्या शेवटच्या पाळीसाठी किती, रब्बीसाठी किती आणि किमान साठा किती, हे आकडे तलावाच्या पाळीवर व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत. आकडे सर्वांसमोर असले म्हणजे 'थोडे पाणी राखा' या सूचनेस आपोआप उत्तर मिळते.

दुसरी व्यवस्था खुणेची. पाण्याची पातळी दाखविणारी पट्टी प्रत्येक तलावावर असावी आणि तिच्यावर किमान साठ्याची रेषा ठळक रंगवावी. त्या रेषेपर्यंतचे पाणी शेतीचे. तिच्याखालील पाणी गुरांचे, माशांचे आणि रानाचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही रंगीत रेषा वाचता येते.

तिसरी व्यवस्था धक्क्याची. नौकाविहारास परवानगी देताना पक्क्या पायऱ्यांचा धक्का बांधू देऊ नये. पाण्याबरोबर खालीवर होणारा तरंगता धक्का असावा. धक्क्याने पाण्यामागे उतरावे. पाण्याने धक्क्यासाठी थांबू नये. तसेच जेथील पाणी पिण्यासाठी जाते तेथे तेलावर चालणाऱ्या नावांऐवजी वल्ह्यांच्या नावा ठेवाव्यात. पाण्यावर तेल पसरणार नाही, पक्षी बिचकणार नाहीत, आणि वल्हविणाऱ्या हातांना कामही मिळेल.

चौथी व्यवस्था उत्पन्नाच्या वाट्याची. तलावाच्या जिवावर जी मिळकत होते तिचा ठराविक हिस्सा त्याच तलावाच्या पाळीची दुरुस्ती, पाटांची साफसफाई आणि बेशरमीचे निर्मूलन यांसाठी राखून ठेवावा. आज पाटाच्या डागडुजीस पैसा नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. पाहुण्याच्या तिकिटातील काही रुपयांनी शेपटाच्या बांधीपर्यंत पाणी पोचू लागले, तर शेतकरी त्या पाहुण्याचे स्वागत पाटावर उभा राहून करील.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची व्यवस्था निर्णयाच्या अधिकाराची. सिंचन पद्धतीचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा अधिनियम राज्यात २००५ साली झाला आणि त्यान्वये पाणी वापर संस्थांना कायदेशीर स्थान मिळाले. जेथे अशी संस्था आहे तेथे तलावावरील पर्यटनाचा कोणताही करार तिच्या संमतीवाचून होऊ नये. जेथे ती नाही किंवा कागदापुरतीच आहे तेथे ती उभी करावी. संस्थेच्या बैठकीत मुखाकडील शेतकऱ्यांबरोबर शेपटाकडील शेतकऱ्यांनाही जागा असावी, आणि मच्छीमार संस्थेचा एक प्रतिनिधी अवश्य असावा. पूर्वीचा पाणकर एकटाच सर्वांचा विश्वास सांभाळीत असे; आज ते काम संस्थेने करावयाचे आहे.

पाहुणा आणि घरधनी

मराठी घरात पाहुण्याचा मान मोठा असतो. त्याच्यासाठी चांगले ताट काढले जाते, त्याला आधी वाढले जाते. पण पाहुण्याच्या नावाने घरातील लेकरांना उपाशी ठेवण्याची रीत कोठेही नाही, आणि तसे होत आहे हे समजल्यास कोणताही भला पाहुणा त्या ताटावर बसणार नाही. तलावाचेही तसेच आहे. तेथे येणाऱ्या माणसास जर कोणी सांगितले की, 'आज पाणी जरा खाली गेलेले दिसते, कारण खालच्या तीनशे बांध्यांत लोंब्या भरत आहेत', तर तो रागावणार नाही. किंबहुना परतीच्या वाटेवर पिवळ्या पडत चाललेल्या धानाकडे तो अधिक आपुलकीने पाहील. शहरातील मुलांना ही गोष्ट समजणे, हाही सहलीचा एक मोठा लाभच म्हणावयास हवा.

कोलू पाटलांनी पाळ घातली तेव्हा सात डोंगरांचे सौंदर्य त्यांना दिसत नव्हते असे थोडेच आहे? परंतु पाळीला तुडुम ठेवताना त्यांनी त्याचे तोंड बांध्यांकडे ठेवले. त्यानंतर तीनशे वर्षे होत आली. डोंगर तसेच सुंदर आहेत आणि धानही पिकतो आहे. पुढील पिढीलाही ही दोन्ही सुखे मिळावयाची असतील तर तुडुमाचे तोंड आहे तेथेच राहू द्यावे, आणि नाव त्याच्या पाठीमागे, जितके पाणी असेल तितक्यात, आनंदाने चालवावी. येत्या १५ ऑक्टोबरपूर्वी प्रत्येक तलावाखालील शेतकरी बंधूंनी एकत्र बसून आपल्या तलावाचा हिशेब मांडावा. तेवढे झाले तरी या प्रश्नाचे निम्मे उत्तर हाती येईल.